दोन शेंड्यांचं झाड

बाहेरच्या खोलीत त्या रविवारी दुपारी तीन झाडं उभी होती आणि तिन्ही एकमेकांकडे पाठ करून उभी असावीत असं वाटत होतं. खिडकीजवळ थोरल्याचं प्लास्टिकचं झाड, खोक्यातून काढून एकेक फांदी उलगडलेलं, हिरवंगार, तुकतुकीत. समोरच्या कोपऱ्यात धाकटीचं कुंडीतलं जिवंत झाड, जेमतेम पाच फुटांचं आणि वर एका शेंड्याऐवजी दोन शेंडे. आणि दोघांच्या बरोबर मध्ये, सकाळपर्यंत ज्याचा कुणाला पत्ताही नव्हता असं, जुन्या फळ्यांच्या पट्ट्या ठोकून केलेलं तिसरं.

तिसरं धाकट्याचं होतं, म्हणजे थोरल्याच्या भावाचं, धाकटीच्या नवऱ्याचं. तो सुतार. लाकूड सरळ कापायचा, पण दोन माणसांचं वाजलं की तो मधला मार्ग शोधायला लागायचा. या वेळी त्याला मधला मार्ग सापडला होता, तो थेट खोलीच्या मधोमध.

घरचा नियम सासऱ्यांनी घालून दिलेला. "जे आपण आपल्या घरात उभं करत नाही, ते दुसऱ्याच्या घरात ढकलायचं नाही," असं ते म्हणत, आणि त्यांच्या माघारीही हा नियम मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. नाताळच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घरात जे झाड निवडलं जाई, तेच पुढचं वर्षभर त्यांच्या नाताळच्या झाडांच्या दुकानाचा माल. निवड करायची पद्धतही त्यांचीच. घरातल्या प्रत्येकाचं एक लाकडी खेळणं होतं, कुणाचा मासा, कुणाची घंटा, कुणाचा पक्षी. ज्याला जे झाड पसंत, त्यावर त्याने आपलं खेळणं अडकवायचं. लहानांनी आधी, मोठ्यांनी मागून, म्हणजे मोठ्यांच्या तोंडाकडे बघून कुणी अडकवणार नाही. आणि एकदा अडकवलं की काढायचं नाही.

गेली अकरा वर्षं प्लास्टिकच निवडून येत होतं. पण यंदा गोष्ट नुसत्या झाडाची नव्हती. दुकानामागच्या मोकळ्या जागेत धाकटीच्या एकशे चाळीस कुंड्या होत्या, सात वर्षं एकटीने वाढवलेल्या. थोरल्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. कंत्राटदार उद्या सकाळी जमीन सपाट करायला मशीन घेऊन येणार होता आणि संध्याकाळपर्यंत त्याला 'ये' म्हणून कळवायचं तेवढं बाकी होतं. प्लास्टिक निवडून आलं की गोदाम, आणि गोदाम आलं की कुंड्या जायच्या. कुठे जायच्या, हे त्या घरात एकटी धाकटी सोडून कुणीही विचारलेलं नव्हतं.

ती तडक नवऱ्याच्या शेडमध्ये गेली.

"ते बाहेर काय आहे?"

"झाड," तो रंध्यावरचा भुसा फुंकत म्हणाला.

"ते दिसतंय मला. कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. भंगार फळ्या पडल्या होत्या. दादाला प्लास्टिक हवंय, तुला खरं हवंय. म्हटलं, कुणालाच राग येणार नाही असं काहीतरी करू."

"आणि मला राग येणार नाही, असं कुठल्या फळीवर लिहिलं होतं?"

"अगं, पर्यावरणाला चांगलंच आहे की. काही तोडलं नाही, काही विकत आणलं नाही."

"चांगलं आहे. सुबकही आहे. मी नाही कुठे म्हणतेय?" ती लाकडाच्या ढिगावर बसली. "पण सहा माणसं आहोत आपण. दादा आणि वहिनी तिकडे. आत्यांना जमिनीवर पडलेली काडी खपत नाही, म्हणजे त्याही तिकडेच. दादांची चिमी कुणाचं मन मोडत नाही, ती आता धावत तुझ्या फळ्यांकडे जाणार. तूही तिथेच. मग माझ्या झाडावर कोण? मी. एकटी."

त्याने रंधा बाजूला ठेवला.

"दोन्ही डगरींवर हात ठेवणारा शेवटी मध्येच पडतो, एवढं लक्षात ठेव."

"दादा आज बारा झाडांचं काढणार," तो हळूच म्हणाला.

"काढू दे."

"तू सांगणार नाहीस?"

"पाच वर्षं नाही सांगितलं. आज सांगून काय उपयोग?"

पाच वर्षांपूर्वी धाकटीने पहिल्यांदा जिवंत झाडं लोकांना द्यायचं ठरवलं होतं. नाताळापुरती न्यायची, सण झाला की परत आणून द्यायची; दुकानातून विकायची नव्हती, म्हणून सासऱ्यांच्या नियमाला धक्का नव्हता. बारा घरांनी मागितली. ऐन वेळी तिची आई आजारी पडली आणि ती माहेरी गेली. जाताना सांगून गेली, कुंडीत वाढलेलीच द्या, जमिनीतल्यांना हात लावू नका. पण कुंडीतली लहान होती, जमिनीतली जुनी, उंच आणि भरदार. बायकोला मदत करावी म्हणून या भल्या माणसाने जमिनीतली बारा झाडं फावड्याने उपटली, मुळं मावेनात म्हणून तोडली आणि कुंड्यांत कोंबली. पंधरा दिवसांनी बाराच्या बारा तपकिरी होऊन परत आली. दुकानाच्या दारात लोकांची बोलणी थोरल्याने खाल्ली आणि थोरल्याची धाकटीने. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. मोठा भाऊ त्याला आधीच कच्चं लाकूड समजत होता, त्यात आणखी भर कशाला, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता तिला त्या गप्प बसण्याचा मनापासून संताप येत होता.

"चहा झाला की ये बाहेर," ती उठत म्हणाली. "तुझं झाड वाट बघतंय."

इकडे थोरला दुकानात खोकी रचत होता. दुकान घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून. जिथे नजर जाईल तिथे खोकी, आणि यंदा प्रत्येक खोक्यावर हिरव्या पानाचं गोल लेबल, 'पर्यावरणपूरक'. गिऱ्हाइकं हल्ली दारातच विचारायची, झाडाने निसर्गाला त्रास होणार नाही ना? थोरला सांगायचा, एकदा न्या, वीस वर्षं बघायला नको, जंगलातलं एकही झाड तोडायला नको. त्याचं त्याला ते पूर्ण खरं वाटायचं. तो लबाड माणूस नव्हता. एकोणिसाव्या वर्षापासून त्याने हे दुकान एकट्याने खांद्यावर वाहिलं होतं आणि खोकी आता जिन्यावर, पलंगाखाली, न्हाणीघराच्या माळ्यावर पोचली होती. त्याला गोदाम हवं होतं, एवढंच.

गल्ल्याच्या वर त्याचा आवडता फोटो टांगलेला होता. मागच्या वर्षी बायकोच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम होता, तिथला. थोरला कोटात, छाती पुढे, आणि शेजारी नटवलेलं एक देखणं झाड, त्यावर त्याचा हात. फोटो मोठा करून त्याने खाली लिहून घेतलं होतं, 'खऱ्यालाही लाजवेल! फक्त आमच्याकडे.' वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हा फोटो दाखवत होता.

थोरल्याची बायको, म्हणजे घराची वहिनी, चहा घेऊन आली. शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची, त्यामुळे सगळं घर तिला थोडं दबकून असे, थोरला सोडून. कप ठेवताना तिची नजर फोटोकडे गेली आणि तिने ओठ मुडपले.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. फोटो छान आलाय."

"येणारच. झाड कुणाचं?" तो खूश होऊन म्हणाला. "हे बघ, तू, मी आणि चिमी, तीन झाले. आत्या चौथी. धाकट्याने स्वतःच फळ्या ठोकून बायकोचं मत खाल्लंय. पाच वाजता कंत्राटदाराचा फोन येईल."

"समजा, मी दुसरीकडे अडकवलं तर?"

"कुठे? त्या फळ्यांवर?" थोरला मनमोकळं हसला. "पलंगाखालून खोकी काढा, खोकी काढा म्हणून डोकं कुणी खाल्लं माझं? तूच ना? मग काढतोय की आता."

वहिनीने रिकामा ट्रे उचलला. "चहा गार होईल," ती म्हणाली आणि आत गेली. थोरल्याला त्या उत्तरात वावगं काही जाणवलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली की नवऱ्याला बायकोचं गप्प बसणं म्हणजे होकार वाटायला लागतं.

आत्या बरोबर चार वाजता वरच्या मजल्यावरून खाली आली. थोरल्याच्या वडिलांची ही बहीण, लग्न न केलेली, पस्तीस वर्षं इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स. माणसं तिला दोन प्रकारची ठाऊक, घरी सोडायची आणि ठेवून घ्यायची. ती खुर्चीत बसली, तिन्ही झाडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "चला, आटपा. कोण बोलतंय आधी?"

थोरला बोलला. धुवायची सोय, घडी घालायची सोय, सुया गळणं नाही, पाणी घालणं नाही आणि टिकाऊपणा वीस वर्षांचा.

"बाबा," चिमी म्हणाली. थोरल्याची ही मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, पण लहानपणचं नाव काही सुटलं नव्हतं. "वीस वर्षं टिकतं ना? मग माळ्यावर तीन मोडकी का पडलीत? अकरा वर्षांत तीन झाली आपली."

"ती जुन्या कंपनीची. त्यांचे पाय कच्चे होते."

"मग आता त्यांचं काय करायचं?"

"काय करायचंय? पडून राहतील माळ्यावर. कुजत थोडीच आहेत?"

"म्हणजे टिकतात खरी," आत्या म्हणाली.

धाकटा फक्कन हसला आणि लगेच गंभीर झाला. त्याचं स्वतःचं भाषण एका वाक्याचं होतं. "माझं असं काही म्हणणं नाही, फळ्या पडल्याच होत्या."

मग धाकटी उभी राहिली. तिने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. "ही झाडं विकायची नाहीत. लोकांनी थोडं भाडं देऊन न्यायची आणि परत आणायची. आधी आठवडाभर व्हरांड्यात ठेवायचं, एकदम घरातल्या उबेत आणायचं नाही. मग घरात दहा दिवस, फार तर अकरा. चुलीपासून लांब, रोज तांब्याभर पाणी. परत आलं की मी त्याला कुंडीतून काढते, कडेनं गोल फिरलेली मुळं करवतीने तासते, नवी माती घालते. म्हणजे ते कुंडीतच सुखाने राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातं. फारच उंच झालं की कुणाच्या तरी अंगणात कायमचं लावायचं. काही तोडायचं नाही, काही फेकायचं नाही."

"आणि हे?" थोरल्याने बोट वर केलं. "दोन शेंडे? असलं बेंगरूळ झाड कोण नेईल?"

"वाऱ्याने मधला शेंडा मोडला होता. मग बाजूच्या दोन फांद्या वर उठल्या. एक छाटायला हवी होती, पण हात झाला नाही."

"हात झाला नाही!" थोरला सगळ्यांकडे वळला. "मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण पाच वर्षांपूर्वी बारा झाडं याच घरातून गेली आणि बारा मेलेली परत आली. दारात उभं राहून लोकांची बोलणी मी ऐकलीत. एक बाई लहान मुलीला घेऊन आली होती. ती पोर त्या वाळक्या झाडाला हात लावून रडत होती. मी काय सांगायचं तिला? धाकटे, तू सांग. काय चुकलं होतं तेव्हा?"

धाकटीने खाली पाहिलं.

"माझं चुकलं होतं," धाकटा म्हणाला.

आवाज इतका लहान होता की आत्याने कानामागे हात धरला. "काय?"

"माझं चुकलं होतं." आता तो उठून उभा राहिला. "ती माहेरी होती. तिने सांगितलं होतं, जमिनीतली काढू नको. मी काढली. मुळं मीच तोडली. मला वाटलं, उंच झाडं दिली की लोक खूश होतील. दादा, ती बारा झाडं मी मारली आणि बोलणी पाच वर्षं हिने खाल्ली."

धाकटी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने भावासमोर एवढी वाक्यं सलग उच्चारलेली तिने ऐकली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायची गरज तिला वाटली नाही.

"पाच वर्षं?" आत्या धाकटीला म्हणाली. "मूर्ख आहेस."

"हो," धाकटी म्हणाली.

आत्या उठली. चष्मा नाकावर घेऊन दोन शेंड्यांच्या झाडापाशी गेली, खोडाची साल नखाने जराशी खरवडली आणि आतला ओला हिरवा रंग बघितला. मग एक फांदी ओंजळीत धरून हलवली. दोन सुया पडल्या. "पेशंट ठणठणीत आहे."

"आज आहे!" थोरल्याने पुन्हा जोर धरला. माघार घेणं त्याला दुकानातही जमत नसे. "बरं, बारा झाडांचं मी सोडून दिलं. पण मला एक झाड दाखवा. एकच. माणसांच्या घरात नाताळ काढून परत आलंय आणि वर्षभर जगलंय, असं. आहे का?"

धाकटीने नकळत वहिनीकडे पाहिलं. वहिनी मांडीवरचा आपला लाकडी मासा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती आणि तिची मान खाली होती.

"आहे की नाही?"

"मला सांगता येणार नाही, दादा."

"म्हणजे नाही!" थोरला टाळी वाजवून म्हणाला. "चला, अडकवा."

चिमी सगळ्यांत लहान. ती आपला पक्षी घेऊन उठली, वडिलांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं आणि रडवेल्या तोंडाने पक्षी लाकडाच्या पट्टीवर अडकवला. धाकटीचा अंदाज खरा ठरला. मग ती स्वतः उठली आणि आपली लाकडी चांदणी कुंडीतल्या झाडाच्या खालच्या फांदीवर लावली. एक.

धाकट्याची पाळी आली. हातात त्याची लाकडी घंटा. तो आपल्या झाडापाशी पोचला, क्षणभर थांबला, एक वाकडा खिळा अंगठ्याने दाबून सरळ केला आणि पुढे गेला. घंटा बायकोच्या चांदणीशेजारी.

"काका!" चिमी ओरडली. "तुम्हीच तुमच्या झाडाला नाही? मी फक्त तुमच्यासाठी तिथे लावलं!"

"फसलीस," आत्या म्हणाली. "नियम म्हणजे नियम. राहू दे तिथेच."

दोन. थोरला मात्र निर्धास्त होता. बायको, तो स्वतः आणि शेवटी आत्या. त्याने बायकोकडे मान हलवून खूण केली, की हं, ऊठ.

वहिनी उठली. सरळ कोपऱ्यात गेली, टाचा उंचावल्या आणि दोन शेंड्यांच्या बेचक्यात आपला मासा अडकवला. मग नवऱ्याकडे वळली. वर्गात गोंधळ झाल्यावर वळत असेल, तशीच.

"एक झाड दाखवा म्हणालात ना? हेच ते. मागच्या नाताळात अकरा दिवस माझ्या वर्गात होतं. पस्तीस पोरांनी त्याला रोज पाणी घातलं. नंतर मी आणि धाकटीने ते हातगाडीवरून परत आणलं."

"काहीतरी काय बोलतेस? शाळेत झाड होतं ते आपल्या दुकानातलं! मी स्वतः—"

"तुम्ही स्वतः काय केलंत, सांगू?" वहिनी म्हणाली. "शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, झाड कुठून आणलं? तुम्ही म्हणालात, आमच्याच दुकानाचा माल. मी तेव्हा पडद्यामागे मुलांच्या पाठीला पंख बांधत होते. धावत येईपर्यंत तुमचा फोटो निघाला होता."

"शक्य नाही."

चिमी कधीच दुकानात पळाली होती. गल्ल्यावर चढून तिने फोटो काढला आणि छातीशी धरून आणला. सगळी माणसं त्या फोटोवर वाकली. थोरला कोटात. शेजारी झाड. झाडाच्या माथ्यावर कागदाची सोनेरी चांदणी, आणि चांदणी बांधलेली होती ती दोन शेंड्यांना, दोन दोऱ्यांनी.

"बाबा," चिमी म्हणाली, "आपल्या कुठल्या खोक्यातल्या झाडाला दोन शेंडे असतात?"

थोरल्याने फोटो हातात घेतला. वर्षभर त्याने तो रोज पाहिला होता. म्हणजे स्वतःला पाहिलं होतं.

"अरे, पण हात ठेवलास ना त्याच्यावर?" आत्याने विचारलं. "टोचलं नाही?"

"टोचलं होतं," थोरला पुटपुटला. "मला वाटलं, यंदा माल चांगला आलाय."

यावर आत्या जी हसायला लागली ती चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत थांबेना. चिमी हसता हसता जमिनीवर बसली. धाकटा भिंतीकडे तोंड करून हसत होता, कारण भावासमोर हसायचं अजून धाडस नव्हतं. वहिनी तेवढी हसली नाही. वर्षभर तिने हे पोटात ठेवलं होतं. आधी गंमत म्हणून, मग फोटो भिंतीवर चढला म्हणून, मग आता कसं सांगायचं म्हणून. धाकटीलाही तिने शपथ घातली होती. आता नवरा काय करतो याची तिला खरोखर भीती वाटत होती.

थोरला लाल झाला होता. फोटो घेऊन तो झाडाजवळ गेला. एकदा फोटो, एकदा झाड. ही फांदी, ती फांदी. फोटोत झाडाचा माथा त्याच्या खांद्याच्या खाली होता. आता तो झाडाला खेटून उभा राहिला आणि हाताने मापलं. शेंडे कानाला लागत होते.

"हे वाढलंय," तो म्हणाला.

"जिवंत आहे, दादा," धाकटी म्हणाली. "वाढणारच."

"एक वीत वाढलंय." त्याचा आवाज बदलला होता. दुकानात चांगली वस्तू हाताला लागली की लागायचा तसा आवाज. "तीस वर्षं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल मोडलेला पाहिला, भिजलेला पाहिला, नुसतं खोकं परत आलेलंही पाहिलं. वाढून परत आलेला माल आज पहिल्यांदा बघतोय."

थोरल्याने खिशातून आपलं खेळणं काढलं. लाकडी बैल होता तो, एक शिंग तुटलेला. प्लास्टिकच्या झाडाकडे त्याने एकदा पाहिलं. मग बैल मापून, सगळ्यांना दिसेल अशा जागी, दोन शेंड्यांच्या झाडाच्या पुढच्या फांदीवर अडकवला.

"वर्षभर याचीच जाहिरात केलीय," तो म्हणाला. "आता नाही म्हटलं तर लोक मला खोटारडा म्हणतील." मग धाकटीकडे न बघता, एकेक शब्द उपटून काढावा तसा, म्हणाला, "आणि त्या बारा झाडांचं मी तुला फार बोललो. तसं बोलायला नको होतं."

"दादा, आता..."

"थांब. बोलू दे. परत जमणार नाही मला."

धाकटी थांबली. पण त्याला खरंच परत जमलं नाही. त्याने नुसती मान हलवली. तिने ती पुरेशी मानली.

आत्याने आपलं खेळणं लावायला खुर्चीवरून उठण्याचेही कष्ट घेतले नाहीत. चिमीच्या हातात देऊन म्हणाली, "लाव तिथेच. आणि सुया पडल्या तर झाडायला तुझे बाबा आहेत."

पाच विरुद्ध एक. आणि तो एक पक्षी बिचारा फळ्यांवर बसून राहिला.

धाकट्याने मधलं झाड उचलून बाजूला घेतलं. वहिनीने न विचारता प्लास्टिकच्या झाडाच्या फांद्या मिटायला घेतल्या. नवरा मदतीला आला तेव्हा तिने त्याच्याकडे चोरून पाहिलं.

"फोटो काढून टाकू का दुकानातला?" तिने विचारलं.

"का म्हणून? राहू दे तिथेच. खाली लिहिलंय त्यात खोटं काय आहे? फक्त आमच्याकडेच मिळतं ते." तो फांदी दाबून खोक्यात बसवत होता. "पण वर्षभर, अगं? वर्षभर गप्प बसलीस?"

"तुम्ही इतके खूश होतात."

यावर त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि ते ऐकून धाकटाही शेवटी तोंड न लपवता हसला. तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात पाच झाले होते. थोरल्याने नाव पाहिलं. कंत्राटदार. झाड निवडून आलं होतं, पण जागेचा शब्द अजून कुणी काढला नव्हता. धाकटीने कुंडीच्या काठावर हात ठेवला.

थोरल्याने फोन उचलला. पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलायचा की सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, उद्या आठला मशीन आणतो. नक्की ना?"

"नको."

"मग परवा?"

"परवा नको आणि पुढच्या महिन्यातही नको. गोदाम नाही बांधायचं. खोकीच राहणार नाहीत तर गोदामात ठेवू काय?"

"अहो, पण जागा मोकळी तर करून घ्या! नुसती झाडंच आहेत ना तिथे? अर्ध्या दिवसात काढून देतो."

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. या वेळी नीट, समोरून.

"हात लावायचा नाही त्यांना," तो फोनमध्ये म्हणाला. "आमच्या धाकटीची आहेत ती. तिला विचारल्याशिवाय तिथे आता मलासुद्धा खुर्ची टाकून बसता येत नाही."

फोन ठेवून तो उभा राहिला. धाकटी एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. सात वर्षं त्या जागेत ती दबक्या पावलांनी वावरली होती, कुणीतरी कधीतरी ऊठ म्हणेल म्हणून. तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खुर्ची टाका की, दादा. फक्त कुंड्यांकडे पाठ करून बसू नका."